टायरवरचे आकडे

आपल्या गाडीच्या टायरवर काय लिहिलंय हे वाचायची वेळ आपल्यावर चार-पाच वर्षांतून एकदा येते. टायर गुळगुळीत झाला की आपण वाकून तो आकडा बघतो, फोटो काढून दुकानदाराला पाठवतो, तो सांगेल ते पैसे देतो आणि मोकळे होतो. पण तो आकडा एकदा सवडीने वाचून बघा. समजा २४५/७५ आर १६ असा आहे. यातले २४५ हे मिलिमीटर आहेत, टायरची रुंदी. १६ हे इंच आहेत, रिमचा व्यास. आणि मधले ७५ ना मिलिमीटर ना इंच, ते आहेत टक्के. रिमच्या काठापासून जमिनीपर्यंतची टायरची उंची ही त्याच्या रुंदीच्या किती टक्के, ते. 'आर' म्हणजे रेडियल.

एका ओळीत तीन मोजमापं! सातबाऱ्यावर हेक्टर-आर आणि पारावर एकर-गुंठे चालतात, तसाच हा प्रकार. आणि जमिनीच्या बाबतीत जसा या गोंधळामागे इतिहास आहे, तसाच इथेही आहे. गेल्या काही महिन्यांत मला हे आकडे बरेच वाचावे लागले (कारण पुढे येईलच), आणि वाचता वाचता लक्षात आलं की चारचाकी ड्राइव्हच्या गाड्यांचा जवळजवळ सगळा इतिहास या एका ओळीतून सांगता येतो.

टायरला मराठीत जुना शब्द आहे, धाव. बैलगाडीच्या लाकडी चाकावर बसवतात ती लोखंडी पट्टी. लोहार ती भट्टीत लाल करायचा, तापून फुगलेली धाव चाकावर चढवायची, वरून पाणी ओतायचं, की ती आवळून चाकाला घट्ट धरायची. त्या चाकाचा आकार आठवा. उंच आणि अरुंद. उंच अशासाठी की जितकं चाक मोठं तितका दगड किंवा खड्डा त्याला लहान. अरुंद अशासाठी की चिखलाचा वरचा थर कापून चाक खालच्या मुरमापर्यंत पोचावं. म्हणजे चाकाचा आकार जमिनीकडे बघून ठरवायचा असतो, हे आपल्याकडच्या सुताराला आणि लोहाराला कुणी शिकवायची गरज नव्हती.

हवेचा टायर रॉबर्ट थॉमसनने १८४५ साली पेटंट केला आणि जग तो विसरून गेलं. १८८८ साली बेलफास्टमध्ये जॉन डनलॉपने तो पुन्हा शोधला, आणि या वेळी तो टिकला, कारण तोवर सायकली आल्या होत्या. मागोमाग मोटारी आल्या.

सुरुवातीच्या मोटारींचे टायर वेगळ्या पद्धतीने मोजत. फोर्डच्या प्रसिद्ध मॉडेल टी गाडीला पुढे ३० बाय ३ आणि मागे ३० बाय साडेतीन असे टायर असत. यातले ३० म्हणजे टायरचा बाहेरचा व्यास, इंचात. रिम किती, ते वजाबाकी करून काढायचं. ३० मधून दोन्ही बाजूंचे साडेतीन-साडेतीन गेले, उरले २३. म्हणजे रिम २३ इंची! टायर सायकलच्या टायरसारखा बारीक, आणि त्यात पन्नास-साठ पौंड हवा ठासून भरलेली. बैलगाडीचंच चाक, फक्त रबर गुंडाळलेलं.

१९२० च्या दशकात 'बलून' टायर आले. फायरस्टोन कंपनीने १९२३ मध्ये ते बाजारात आणले. जाड, गुबगुबीत आणि हवा जवळपास निम्मी. रिम लहान होत गेली आणि रबराचा गोळा मोठा होत गेला. मॉडेल टी नंतर आलेल्या मॉडेल ए ला १९२८ मध्ये २१ इंची रिम होती, १९३० मध्ये १९ इंची झाली, आणि १९३५ च्या फोर्डला ६.००-१६. म्हणजे सहा इंच रुंद टायर, सोळा इंची रिमवर. इथे नाव ठेवायची पद्धतही बदललेली आहे, बघा. बाहेरचा व्यास नावातून गेला आणि रिमचा व्यास आला. कारखान्याला टायर रिमवर बसतो की नाही याची काळजी, म्हणून रिमला मान मिळाला.

आणि इथे आपली जीप येते.

१९४० च्या जुलैमध्ये अमेरिकी लष्कराने छोट्या चारचाकी ड्राइव्हच्या गाडीसाठी निविदा काढली. नमुना गाडी ४९ दिवसांत हवी होती. बँटम नावाच्या छोट्या कंपनीने ती सप्टेंबरमध्ये दिली. पुढे विलीज आणि फोर्ड यांनी युद्धकाळात सहा लाखांहून जास्त जीप बनवल्या. त्या जीपचा टायर कोणता? ६.००-१६. साध्या फोर्ड मोटारीचाच आकार! नक्षी मात्र वेगळी, जाड पट्ट्यांची, आणि तिला दिशा नसलेली. त्यामुळे कोणताही टायर कोणत्याही चाकाला, कोणत्याही बाजूने लावा, आणि गाडी पुढे जाताना जशी ओढते तशीच मागे येतानाही ओढणार.

मला यातली एक गोष्ट फार आवडते. मॉडेल टी ला पुढचा टायर वेगळा आणि मागचा वेगळा, त्यामुळे जादा टायर बाळगायचा तर कोणता, हा प्रश्न असे. जीपला पाचही चाकं सारखी. यात सोय तर आहेच, पण चारचाकी ड्राइव्हची ती अटही आहे. जीपच्या पुढच्या आणि मागच्या आसांना फरक सोसणारा मधला डिफरन्शियल नसतो. चारचाकी ड्राइव्ह लावला की दोन्ही आस एकाच गतीने बांधले जातात. पुढचे टायर घेराने थोडे मोठे आणि मागचे थोडे लहान असले, तर एका फेऱ्यात पुढची चाकं जास्त अंतर मागतात. चिखलात चाकं थोडी घसरून तो हिशोब मिटवतात, पण कोरड्या डांबरावर घसरायला जागा नाही, मग तो ताण गिअरच्या दात्यांवर येतो. म्हणून अशा गाडीला दोन नवे आणि दोन झिजलेले टायर चालत नाहीत, आणि चारही चाकांचा आकार एकदम ठरवावा लागतो.

त्याच युद्धात, त्याच सोळा इंची रिमवर, आणखी एक टायर चालत होता आणि तो जीपच्या टायरपासून पार वेगळा होता. राल्फ बॅग्नोल्ड नावाचा एक ब्रिटिश लष्करी अधिकारी १९२० च्या दशकाच्या अखेरीपासून सुट्टीत, स्वतःच्या खर्चाने, इजिप्त आणि लिबियाच्या वाळवंटात फोर्ड गाड्या घेऊन फिरत असे. त्याने आणि त्याच्या मित्रांनी हळूहळू शिकून घेतलं की टायरमधली हवा कमी केली की गाडी वाळूत रुतायची थांबते. (पुढे याच माणसाने वाळू वाऱ्याने कशी उडते आणि टेकड्या कशा बनतात यावर १९४१ मध्ये ग्रंथ लिहिला, आणि तो आजही त्या विषयातला मूळ ग्रंथ मानला जातो.) १९४० मध्ये त्याने लाँग रेंज डेझर्ट ग्रुप उभा केला. त्या तुकडीच्या शेवरले ट्रकना टायर होते १०.५०-१६. रिम जीपचीच, सोळा इंची, पण रुंदी सहाच्या जागी साडेदहा इंच. मागच्या बाजूला ट्रकसारखी जोडचाकं न लावता एकेकच जाडजूड टायर.

एकच रिम, पण एक टायर शेताच्या बांधासाठी आणि दुसरा वाळूच्या समुद्रासाठी. अरुंद टायर चिखल कापून खाली टणक जमीन शोधतो. वाळवंटात खाली टणक जमीनच नाही, तिथे तरंगायला हवं.

पण जमीन वाटेत बदलली तर? याचं उत्तर १९४२ च्या डक या उभयचर ट्रकने दिलं. समुद्रातून पोहत यायचं, किनाऱ्याच्या वाळूवर चढायचं आणि मग रस्त्याला लागायचं. त्यात चालकाला बसल्या जागेवरून, गाडी चालू असताना, टायरमधली हवा कमी-जास्त करायची सोय केली गेली. वाळूला कमी, रस्त्याला जास्त. असे २१ हजारांहून जास्त डक बनले, आणि १९४४ मध्ये नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर ते होते.

हवा कमी केल्याने काय होतं, ते साध्या भागाकारात सांगतो. गाडी माणसांसकट दोन टन धरा. एका चाकावर ५०० किलो, म्हणजे सुमारे ११०० पौंड. टायरमध्ये हवा ३० पौंड, म्हणजे दर चौरस इंचाला ३० पौंड. ११०० भागिले ३०, आले ३७ चौरस इंच. टायरचा साधारण एवढाच भाग जमिनीला टेकलेला असतो. आपल्या टपालखात्याची जेमतेम दोन पोस्टकार्डं! हवा १८ वर आणली की तीच जागा ६१ चौरस इंच, म्हणजे तीन पोस्टकार्डांच्या वर. (रबराचा स्वतःचा कडकपणा थोडं वजन उचलतो, त्यामुळे हिशोब तंतोतंत नाही, पण दिशा हीच.) ही वाढलेली जागा मुख्यतः लांबीत मिळते. टायर रुंद होत नाही, तो पोट टेकून लांब होतो, रणगाड्याच्या पट्ट्यासारखा.

आणि टायरला पोट टेकायचं असेल, तर आधी पोट असायला हवं! हा सगळ्या गोष्टीचा गाभा आहे. वजन रबर उचलत नाही, हवा उचलते. रिम आणि जमीन यांच्यामध्ये जेवढी उंच हवेची उशी, तेवढी ती दबायला जागा. त्या उशीच्या उभ्या भिंतीला साइडवॉल म्हणतात. जुन्या जीपच्या टायरचा बाहेरचा व्यास सुमारे २८ इंच होता. त्यातून रिमचे १६ वजा केले, दोनने भागले, तर आले ६ इंच. सव्वापंधरा सेंटिमीटरची उशी, तीही टनभर वजनाच्या गाडीला.

युद्धानंतर ही जीप आपल्याकडे आली ती कायमची. १९४५ मध्ये स्थापन झालेली महिंद्र अँड मोहम्मद ही कंपनी १९४८ मध्ये महिंद्र अँड महिंद्र झाली. तिने चाळीसच्या दशकाच्या अखेरीस मुंबईत माझगावला विलीज जीप जोडायला सुरुवात केली. तिकडे इंग्लंडमध्ये मॉरिस विल्क्स यांनी आपल्या शेतावरच्या युद्धातल्या जीपवरून स्फूर्ती घेऊन लँड रोव्हर काढली. एप्रिल १९४८ मध्ये ती ॲमस्टरडॅमला मांडली गेली, आणि टायर तोच, ६.००-१६. आपल्याकडे पाटबंधारे, जंगलखातं, पोलीस, कलेक्टर कचेरी, सगळ्यांच्या जीपला कित्येक वर्षं हाच आकार चालला. कारण उघड आहे. तो कुठेही मिळायचा, आणि कुठल्याही गावात कुणीही पंक्चर काढायचा.

मग आकड्यांत मिलिमीटर कुठून घुसले? मिशेलिन कंपनीने १९४६ मध्ये रेडियल टायरचं पेटंट घेतलं आणि १९४९ पासून तो विकायला काढला. फ्रेंच कंपनी, त्यामुळे रुंदी मिलिमीटरमध्ये. रेडियल युरोपातून जगभर पसरला तशी ही रुंदीही पसरली. रिम मात्र जगभरच्या कारखान्यांत इंचात बनत होती, ती इंचातच राहिली. पुढे शर्यतीच्या गाड्यांसाठी आखूड उशीचे टायर आले, मग उंची सांगायला टक्क्यांची गरज पडली. म्हणजे या आकड्यात फ्रान्सची रुंदी, अमेरिकेची रिम आणि शर्यतीच्या मैदानातले टक्के एकत्र नांदतायत.

गंमत म्हणजे सत्तरच्या दशकात अमेरिकेत हौशी चिखलगाडीवाल्यांसाठी खास टायर निघाले, त्यांचा आकडा ३१ बाय १०.५० आर १५ असा. यातले ३१ म्हणजे बाहेरचा व्यास! साठ वर्षांचा वळसा घालून मंडळी मॉडेल टी च्या पद्धतीवर परत आली. रस्ता सोडून जाणाऱ्याला रिमशी देणंघेणं नसतं. चाक केवढं आणि त्याखाली हवा केवढी, एवढंच त्याला हवं असतं.

पण हवेची ही गोष्ट एकतर्फी नाही. कमी हवेत टायरची कड प्रत्येक फेऱ्यात वाकते, आणि वाकणारं रबर तापतं. चिखलात ताशी दहा किलोमीटरला हे चालून जातं. महामार्गावर शंभरला नाही. ऑगस्ट २००० मध्ये अमेरिकेत फायरस्टोनचे सुमारे ६५ लाख टायर परत बोलावले गेले. त्यांतले कित्येक फोर्ड एक्स्प्लोरर या गाडीला होते, २३५/७५ आर १५ या आकाराचे. टायरचा वरचा पट्टा वेगात सुटून यायचा आणि उंच गाडी उलटायची. अमेरिकी सरकारी यंत्रणेने अखेर २७१ मृत्यूंचा संबंध त्या टायरशी जोडला. फोर्डने शिफारस केलेली हवा होती २६ पौंड, फायरस्टोनचं म्हणणं ३० हवी होती. दोन्ही कंपन्या एकमेकींकडे बोट दाखवत राहिल्या आणि जवळजवळ शतकभराची सोयरीक तुटली. टायरमधली हवा कमी झाली की सूचना देणारा दिवा आज गाड्यांत दिसतो, त्यामागे या प्रकरणानंतर अमेरिकेत झालेला कायदा आहे.

आता मी हे सगळं का वाचत बसलो ते सांगतो. माझा पुतण्या मावळात राहतो. डांबरी रस्ता सोडल्यावर साडेतीन किलोमीटर कच्ची वाट, त्यात एक ओढा, आणि पावसाळ्यात सगळीकडे लाल चिखल, मध्ये मध्ये सह्याद्रीचा काळा दगड सुरीसारखा वर आलेला. माझ्या वहिनीला आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी तालुक्याला न्यावं लागतं. तिथे 'उद्या येतो' चालत नाही. म्हणून त्याने जुनी थार घेतली, २०२० च्या नव्या मॉडेलमधली. टायर संपलेले होते. त्याचा फोन आला, "काका, तेहतीस इंची टाकू का? दुकानदार म्हणतो गाडी कुठेच अडकणार नाही."

या थारला कंपनीने दोन मापं दिली होती. साध्या आवृत्तीला २४५/७५ आर १६, वरच्या आवृत्तीला २५५/६५ आर १८. हिशोब करून बघा. पहिल्याचा बाहेरचा व्यास ७७४ मिलिमीटर, दुसऱ्याचा ७८९. फरक जेमतेम दीड सेंटिमीटर. पण उशी पहिल्यात १८४ मिलिमीटर आणि दुसऱ्यात १६६. म्हणजे रिम दोन इंचांनी वाढली, गाडी फक्त पाऊण सेंटिमीटर वर आली, आणि हवेची जागा लोखंडाने घेतली. जगभर हेच चाललंय. १९७० च्या पहिल्या रेंज रोव्हरला २०५ आर १६ टायर होते, उशी साधारण १६-१७ सेंटिमीटर. २०२२ च्या रेंज रोव्हरला २३ इंचांपर्यंत रिम मिळू लागली. तिच्यावरच्या २८५/४० टायरची उशी आहे ११.४ सेंटिमीटर. शंभर वर्षांपूर्वी मॉडेल टी जिथे होती त्याच २३ इंचांवर आपण फिरून आलो!

याला नुसती फॅशन म्हणून नाकं मुरडणंही बरोबर नाही. गाड्या जड झाल्या, वेगवान झाल्या, त्यांना थांबवायला मोठे ब्रेक लागतात आणि मोठ्या ब्रेकला मोठी रिम. वळणावर आखूड उशी कमी डुलते. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे २००२ मध्ये पुरा झाला तेव्हापासून आपल्याकडेही चारचाकी ड्राइव्हच्या बहुतेक गाड्या आयुष्याचा मोठा भाग गुळगुळीत रस्त्यावरच काढतात. त्यांच्यासाठी १८ इंची रिम चूक नाही. जमीन बदलली, चाक बदललं.

पण पुतण्याची जमीन बदललेली नाही.

तेहतीस इंचीला मी नको म्हणालो. ३३ इंच म्हणजे ८३८ मिलिमीटर, मूळच्या १६ इंचीवाल्या चाकापेक्षा ८ टक्के मोठं. गाडीची उंची त्याच्या निम्म्यानेच वाढते, सव्वातीन सेंटिमीटर. त्या बदल्यात काटा ८० दाखवतो तेव्हा गाडी ८६ ला असते, प्रत्येक गिअर जड होतो, ब्रेक मारल्यावर गाडी जास्त अंतर घेते, स्टिअरिंगच्या सांध्यांवर ताण येतो, आणि पूर्ण वळवलं की टायर कुठेतरी घासतो. शिवाय जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की नोंदणीत असलेल्या उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल गाडीत करता येणार नाहीत. रात्री-अपरात्री आईला घेऊन जाणाऱ्या मुलाने विमा कंपनीशी भांडायची सोय करून ठेवू नये.

त्याने अलॉय विकले आणि १६ इंची लोखंडी रिमवर २४५/७५ घेतले, पाचही एकदम. दगडाने वाकली तर लोखंडी रिम ठोकून सरळ होते, अलॉयला तडा जातो. सोबत एक हवेचा छोटा पंप आणि हवा मोजायचं घड्याळ. घरून निघताना हवा अठरावर, डांबरीला लागल्यावर कडेला थांबून परत तीसवर. हे दुसरं करायचं तो विसरू नये म्हणून मी त्याला एक्स्प्लोररची गोष्ट दोनदा सांगितली. आठ-दहा मिनिटं जातात. वहिनी म्हणते, तेवढ्यात माझा जप होतो.

या पावसाळ्यात एकही फेरी चुकली नाही. ओढ्याला पाणी चढलं तेव्हा दोनदा थांबावं लागलं, पण ते पाण्यासाठी. त्यावर टायरचा इलाज नाही आणि कुणी तो करूही नये.

जाता जाता एक. त्या ६.००-१६ चं पुढे काय झालं? नवीन गाड्यांतून तो गेला, पण संपला नाही. पुढच्या वेळी शेतात उभ्या असलेल्या एखाद्या ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकाकडे वाकून बघा. बहुतेकदा तिथे तोच आकडा सापडेल. १९३५ च्या फोर्डचा, १९४१ च्या जीपचा. उंच, अरुंद, चिखल कापत जाणारा. ट्रॅक्टरला आरशात कसं दिसतं याची फिकीर नसते.